गंगेची सुसर, पॅरिसचा वाघ आणि आंत्वान-लुई बारी

तांबटआळी

लूव्र बघायला गेलेला माणूस मोनालिसाच्या गर्दीत दमतो. आम्हीही दमलो. तिथून सुटायचं म्हणून रिशल्यू विंगच्या खालच्या मजल्यावर, फ्रेंच शिल्पांकडे उतरलो. तिथे माणसं तुरळक होती, टेकायला बाक होता, आणि समोर एक वाघ सुसर खात होता.

मूर्ती ब्राँझची. उंची ४१ सेंटीमीटर, लांबी मीटरभर. आपल्याकडच्या टीपॉयवर सहज राहील. पण बसल्या जागेवरून ती किती मोठी आहे याचा अंदाजच येईना. वाघ अंग आकसून बसलाय, खांदे वर चढलेत, जबडा रुतलाय. खाली सुसर पिळवटलीय. नुसत्या पाठीच्या रेषेवरून कळतं की वजन कुठे टाकलंय. पाटीवर नाव होतं ‘गंगेतली सुसर खाणारा वाघ’. साल १८३१. गंगेचं नाव पॅरिसात वाचून थबकलो, खोटं का बोला.

शिल्पकार आंत्वान-लुई बारी. आडनाव फ्रेंचमध्ये एवढंच, बारी. घरी आल्यावर त्याच्यामागे लागलो, आणि दोन महिने झाले तरी सुटलेलो नाही.

माणूस पॅरिसचाच. जन्म १७९५चा, बाप सोनार. तेराचौदा वर्षांचा असताना लष्करी गणवेशावरची धातूची नक्षी करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. पुढे नेपोलियनचा सोनार बिएने, त्याच्याकडेही काम केलं. १८१२ साली सैन्यात भरती; तिथे नकाशांसाठी उठावदार प्रतिकृती करणाऱ्या तुकडीत होता. नेपोलियन पडल्यावर बोझियो या शिल्पकाराकडे आणि ग्रो या चित्रकाराकडे शिकला, १८१८ला कलाशाळेत गेला. तिथलं मोठं बक्षीस म्हणजे रोमला जाण्याची शिष्यवृत्ती. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, एकदाही मिळाली नाही. मग फोकोनिए नावाच्या सोनाराकडे परत पोटापाण्याचं काम. वर्ष १८२३. दागिने, भांडी, आणि त्यांवर बसवायचे छोटे छोटे प्राणी.

ही आठ वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. रोमला गेला असता तर ग्रीक देवांचे आणखी पन्नास पुतळे जगात वाढले असते. गेला नाही म्हणून तो पॅरिसमधल्याच जार्दां दे प्लांत या वनस्पती-उद्यानात गेला. तिथे राज्यक्रांतीनंतर उभं राहिलेलं प्राणिसंग्रहालय होतं, शेजारी प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने मांडलेले सांगाडे होते. चित्रकार देलाक्रवा त्याच्याबरोबर यायचा. संग्रहालयातला एखादा प्राणी मेला की दोघांची धावपळ. देलाक्रवाने बारीला पाठवलेली एक चिठ्ठी प्रसिद्ध आहे. मजकुराचा मतलब एवढाच की सिंह मेलाय, घोडा फेकत ये, मी तिथे थांबतो.

बारी काय करायचा, तर मापं घ्यायचा. टेप, कंपास, वही. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, कवटीची रुंदी, शेपटीचा घेर. त्याच्या चित्रांचे कागद बघितलेत तर प्राण्याच्या अंगावर आकडे लिहिलेले दिसतात, शिंप्याच्या वहीसारखे. कातडं काढलेल्या प्राण्यांचे प्लास्टरचे साचेही त्याने केले.

आणि या माणसाने जंगलातला वाघ कधीही पाहिला नाही. ना भारत, ना आफ्रिका. त्याचे सगळे वाघ पिंजऱ्यातले नाहीतर मेलेले.

१८३१च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, ही सुसर-वाघाची मूर्ती प्लास्टरमध्ये मांडली गेली. त्याच प्रदर्शनात देलाक्रवाचं ‘स्वातंत्र्य जनतेला घेऊन पुढे’ हे चित्रही होतं. बारीला दुसऱ्या वर्गाचं पदक मिळालं. खरा गोंधळ पुढे झाला, पण आता जेवणाची वेळ झाली. उरलेलं प्रतिसादांत लिहितो.

खारीचावाटा

वा! वाचनखूण साठवली आहे. ‘सुसरबाई तुझी पाठ मऊ’ म्हणत वाघाने खरंच चव घेऊन बघितली म्हणायची.

एक शंका. आमच्याकडे कृष्णाकाठी नदीतल्या त्या बयेला सगळे सुसरच म्हणतात, मगर हा शब्द फक्त पुस्तकात. पण ती सुसर आणि ही गंगेतली सुसर एकच का?

चंबळकाठ

एक नाहीत. कृष्णेत आहे ती मगर, रुंद तोंडाची. गंगा, चंबळ, घाघरा या नद्यांत आहे ती घडियाल. तोंड लांब, चिमट्यासारखं, शंभराच्या वर दात. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकाला मडक्यासारखा फुगवटा येतो, तो घडा, म्हणून घडियाल. मराठी पुस्तकांत घडियालला सुसर म्हणतात आणि गावात मगरीला सुसर म्हणतात, त्यामुळे हा घोळ कायमचा.

युरोपात त्याचं ‘गव्हियाल’ झालं. असं सांगतात की कुणा लेखनिकाने ‘र’चा ‘व्ह’ वाचला, आणि ती चूक शास्त्रीय नावातही जाऊन बसली.

आता या मूर्तीबद्दल. फोटो बघितला. तोंडाची ठेवण ओळखू येते, म्हणजे माणसाने नमुना पाहिलेला आहे. पण पूर्ण वाढलेला घडियाल चार-पाच मीटर भरतो, वाघाच्या दीडपट-दुप्पट लांब. इथे तो वाघाच्या पोटाखाली मावतोय, म्हणजे पिल्लू आहे असं धरायला हवं. शिवाय घडियाल मासे खाणारा आणि लाजाळू प्राणी, जमिनीवर त्याला धड चालताही येत नाही. वाघाशी झुंज वगैरे नाहीच. वाळूत ऊन खात पडलेल्या पिल्लावर वाघाने झडप घातली तर एवढं होऊ शकेल.

तांबटआळी

चंबळकाठ, अनेक आभार. हे कुठल्याच कलेच्या लेखात मिळत नाही. आणि नाव बघा, त्याने ‘झुंज’ म्हटलेलंच नाही. ‘खाणारा’ म्हटलंय. शिकार झालेली आहे, जेवण चाललंय.

हेच त्या काळच्या लोकांना खटकलं. शिल्पात हिंसा नवीन नव्हती. पण ती कुणा वीराने केलेली असायची, तिच्यातून काही बोध निघायचा. इथे भूक आहे, दुसरं काही नाही.

पुढची हकिगत. १८३३च्या सलोंमध्ये त्याने ‘सिंह आणि सर्प’ मांडला, आकाराने जवळपास खऱ्या सिंहाएवढा. सिंहाने पंजाखाली साप दाबलाय, ओठ मागे ओढलेत, साप उलटून फुत्कारतोय. राजा लुई-फिलिपने तो विकत घेतला, ब्राँझमध्ये ओतला गेला, १८३६ला पुन्हा प्रदर्शनात आला आणि त्युइलरीच्या बागेत बसला. (१९११पासून तो लूव्रमध्ये आहे.) बारीला लेजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला तो १८३३लाच. विरोधक म्हणाले म्हणे, की राजाच्या बागेचं प्राणिसंग्रहालय झालं, आता फक्त पिंजरा बसवा.

शंकासुर

लेख छान, पण थोडा विरोधी सूर लावतो, हलके घ्या. राजाने सिंह का घेतला हे सोडून दिलंत तुम्ही. राजे लोक प्राणिप्रेमापोटी सिंह विकत घेत नसतात. आणि वाघ-सुसर, सिंह-साप, गरुड-बोकड हे सगळं मला जुन्या वाड्यातल्या भुसा भरलेल्या डोक्यांच्या जातीचंच वाटतं. श्रीमंताच्या दिवाणखान्यात टांगायची मर्दुमकी. कारागिरी उत्तम, मान्य. पण त्यापलीकडे काय?

इतिहासाचीवही

शंकासुर यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे, त्यात भर घालते.

१८३०च्या जुलैत पॅरिसात तीन दिवस क्रांती झाली, २७ ते २९ तारखेला. दहावा चार्ल्स गेला, लुई-फिलिप आला. जुलैच्या शेवटी सूर्य सिंह राशीत असतो. त्यामुळे सिंह म्हणजे जुलै, जुलै म्हणजे नवी राजवट, आणि पंजाखालचा साप म्हणजे जो कोणी विरोधक असेल तो, असा अर्थ तेव्हाही लावला गेला. राजाला तो सोयीचाच होता.

पुढे बास्तीच्या (बॅस्टिलच्या) चौकात त्या तीन दिवसांत मेलेल्यांसाठी जुलै स्तंभ उभा राहिला, १८४०मध्ये. त्याच्या पायथ्याला चालता सिंह आहे, उठावशिल्पातला, तो बारीचाच. कोपऱ्यांवरचे चार कोंबडेही त्याचे. पॅरिसला जाणाऱ्यांनी स्तंभाच्या टोकाच्या सोनेरी पुतळ्याकडे मान वर करून बघण्याआधी खाली बघावं. तो सिंह चालताना पाऊल कसं टाकतो ते बघण्यासारखं आहे.

पण मग पुढचं विचारते. सिंह राजकीय होता हे मान्य केलं, तर दोन वर्षं आधीच्या वाघाचं काय? त्याच्यावर कुठली रास लावणार? मला वाटतं बारीने आधी प्राणी केला, अर्थ लोकांनी नंतर चिकटवला.

ओतारीबुवा

मी कलेतलं बोलत नाही, ओतकामातलं बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या पितळेचं ओतकाम. आजोबा देवाच्या मूर्ती मेणावर करायचे, वडील घंटा आणि समया वाळूत ओतायचे.

फरक सांगतो म्हणजे बारीचं दुखणं कळेल. मेणाच्या पद्धतीत मूर्ती आधी मेणाची करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही. म्हणजे एक साचा, एक मूर्ती. रस मध्येच थिजला, कुठे हवा अडकली, की महिन्याची मेहनत मातीत. पण निघाली तर बोटांचे ठसेसुद्धा उतरतात. वाळूच्या पद्धतीत नमुना वाळूत दाबून छाप घ्यायची, भाग वेगवेगळे ओतायचे, मग जोडायचे आणि कानस मारून सांधे लपवायचे. नमुना शाबूत राहतो, पाहिजे तेवढ्या प्रती काढा. स्वस्त पडतं, पण कानशीखाली बारकावे जातात.

मला वाचायला आवडेल की हा बारी कुठल्या पद्धतीचा.

तांबटआळी

बुवा, नेमक्या जागी बोट ठेवलंत. तो दोन्हीचा, आणि त्यातच त्याचं दिवाळं निघालं.

फ्रान्समध्ये मेणाची पद्धत तोवर जवळजवळ विसरली गेली होती. ओनोरे गोनों नावाच्या ओतारी कारागिराने आणि त्याच्या मुलांनी ती पुन्हा बसवली. ‘सिंह आणि सर्प’ त्यांनीच ओतला. १८३४ साली राजाचा थोरला मुलगा, ऑर्लिआंचा ड्यूक, याने बारीला एक काम दिलं. मेजवानीच्या टेबलाच्या मधोमध मांडायचा नऊ ब्राँझ मूर्तींचा संच. पाच शिकारीचे प्रसंग, प्राण्यांच्या चार झटापटी. शिकारी होत्या सिंहाची, रानबैलाची, अस्वलाची, सांबरासारख्या मोठ्या हरणाची, आणि सगळ्यांच्या मध्ये वाघाची. त्यात हत्ती आहे, हत्तीवर भारतीय शिकारी आहेत, आणि दोन बाजूंनी वाघ चढतायत. गोनोंने त्या मेणावर ओतल्या. एकसंध, नंतर छिन्नी न लावता, आणि हे त्याने मूर्तीवर अभिमानाने कोरूनही ठेवलंय.

१८३७ला बारीने यातल्या मूर्ती सलोंकडे पाठवल्या. परीक्षकांनी नाकारल्या. ही शिल्पं नव्हेत, सोनारकाम आहे, असं त्यांचं म्हणणं. राजपुत्राची शिफारस पाठीशी असून नाकारल्या! बारी चिडला आणि १८५०पर्यंत त्या प्रदर्शनाकडे फिरकला नाही.

सोनाराच्या मुलाला, सोनाराकडे उमेदवारी केलेल्याला, ‘हे सोनारकाम आहे’ म्हणून दार बंद करायचं. आमच्या आळीत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते सांगायला नको.

शंकासुर, तुमचा ‘पलीकडे काय’ हा प्रश्न त्या परीक्षकांचाच आहे. त्या काळी विषयांची उतरंड ठरलेली होती. वर देव आणि इतिहास, खाली प्राणी. प्राणी करणाऱ्यांना जे नाव पडलं, ‘आनिमालिए’, ते आधी हिणवण्याचंच होतं. गोतिए या कवीने मात्र बारीला प्राणिसंग्रहालयाचा मिकेलांजेलो म्हटलं. कौतुकच, पण त्यातही ‘प्राणिसंग्रहालयाचा’ आहेच की!

माझं म्हणणं एवढंच की बारीने मोठेपणा आकारातून काढून मापात आणला. हत्ती वीतभर करा नाहीतर घराएवढा, पायाच्या लांबीशी खांद्याचं नातं बरोबर असेल तर तो हत्तीच्याच वजनाने उभा राहतो.

शंकासुर

उत्तर पटलं असं नाही, पण वाद घालण्याजोगं आहे. ‘माप बरोबर’ हा कलेचा निकष झाला तर मग शिंपीही कलावंत.

ओतारीबुवा

शिंपी नाही का? अंगाला बसणारा अंगरखा शिवून दाखवा एकदा.

बाल्टिमोरकर

ती शिकारीची पाचही शिल्पं आमच्या गावात आहेत! वॉल्टर्स आर्ट म्युझियम. प्रवेश फुकट आहे, त्यामुळे पाहुणे आले की आम्ही तिकडेच नेतो, आजवर सात-आठ वेळा तरी त्या हत्तीसमोर उभा राहिलोय. शिल्पकाराचं नाव मात्र आज या धाग्यावर कळलं. लाज वाटते सांगायला.

मग जरा शोधलं. ड्यूक १८४२च्या जुलैत गेला. घोडे उधळले, तो गाडीतून पडला, डोक्याला मार. त्याच्या विधवेने १८५३ला हा संच लिलावात विकला, मूर्ती पांगल्या. पुढे शिकारीच्या पाचही मूर्ती इथल्या वॉल्टर्स कुटुंबाच्या संग्रहात आल्या. विल्यम वॉल्टर्स हा इथला मोठा व्यापारी, बारीचा कट्टर चाहता. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने १८७३मध्ये त्याच्यामार्फत बारीकडून शंभराहून जास्त ब्राँझ मागवली. आपल्या देशात ज्याला टेबलावरच्या वस्तूंचा कारागीर ठरवलं, त्याला समुद्रापलीकडून एकदम एवढी ऑर्डर!

म्युझियमच्या दारातून बाहेर पडलं की माउंट व्हर्नन प्लेस नावाचा चौक आहे. तिथे बारीचा बसलेला सिंह आहे, आणि ‘युद्ध’, ‘शांती’, ‘शक्ती’, ‘सुव्यवस्था’ असे चार गट. वॉल्टर्सने १८८५मध्ये शहराला दिले. माझी मुलगी त्या सिंहावर चढून बसते.

हत्तीच्या माहुताचा पोशाख बघून बायको म्हणाली, हा कुठला भारतीय? तिचंही बरोबर आहे. प्राणी मोजून मापून, माणसं मात्र पुस्तकातली.

तांबटआळी

वहिनींचा शेरा शंभर टक्के. सिंहाच्या शिकारीतले अरबही तसेच. जार्दां दे प्लांतमध्ये माहूत ठेवलेले नव्हते ना मोजायला.

ते चार गट मूळचे लूव्रच्या इमारतीसाठी केलेले, १८५४ ते ५६, दगडात. आज लूव्रच्या आवारात वर नजर टाकली तर अजून आहेत. बसलेला सिंह १८४७चा. तो लूव्रच्या नदीकडच्या दाराशी आहे, म्हणून त्या दाराचं नाव ‘सिंहद्वार’. पण गंमत अशी की दाराला दोन सिंह लागतात. सरकारने दुसरा बारीकडून करून न घेता त्याच सिंहाची यंत्राने आरशातल्यासारखी उलटी प्रत काढली. आयुष्यभर डाव्या-उजव्या पंजातला फरक मोजणाऱ्या माणसाच्या सिंहाची ही गत.

दिवाळ्याची गोष्ट राहिली. सलोंवर बहिष्कार घातल्यावर बारीने स्वतःच आपल्या मूर्ती ओतून विकायचं ठरवलं. १८४५ला एमिल मार्तां या कारखानदाराबरोबर भागीदारी केली. किमतींची छापील पत्रकं काढली. गिऱ्हाईक मध्यमवर्गी. ससा, कासव, बसलेलं हरीण, झोपलेला जग्वार. हे सगळं वाळूच्या पद्धतीने. पण स्वभाव सोनाराचा, एकेक प्रत स्वतः घासणार, रंग स्वतः चढवणार, मनासारखी नसली तर विकणारच नाही. असा धंदा चालतो होय? १८४८ला पुन्हा क्रांती झाली, बाजार बसला, कर्ज फिटेना. मूर्तींचे मूळ नमुने मार्तांच्या ताब्यात गेले, ते परत मिळायला १८५७ उजाडलं. मधली नऊ वर्षं स्वतःचेच वाघ दुसरा ओततोय हे बघत बसायचं. लूव्रमध्ये प्लास्टरच्या साच्यांच्या विभागाची नोकरी १८४८ला मिळाली होती, तीही दोन वर्षांत गेली.

जुनाबाजार

धागा वाचून धडधडायला लागलंय. वडिलांनी पूर्वी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक वाघ घेतला होता, काळपट हिरवा, लांबी हातभर. बैठकीवर रोमन अक्षरांत बारीची सही आहे. दुकानदार म्हणाला होता अस्सल फ्रेंच. श्रीमंत झालो का आम्ही?

ओतारीबुवा

आधी उलटा करून बघा. तळाला आतून, दिसणार नाही अशा जागी, हलका ओरखडा काढा. पिवळट-तांबूस निघालं तर ब्राँझ किंवा पितळ. पांढरट राखाडी निघालं तर जस्त, वरून रंग. मग फक्त वाघ म्हणून सांभाळा.

ब्राँझ निघालं तर दुसरी परीक्षा. रस थिजताना धातू आकसतो, शेकडा दीड-दोन. तयार मूर्तीवरूनच छाप घेऊन कुणी नवी ओतली असेल तर ती मूळापेक्षा तेवढी लहान भरते. चाळीस सेंटीमीटरला सहा ते आठ मिलिमीटर. संग्रहालयातल्या त्याच मूर्तीचं माप मिळवा आणि ताडून बघा. मिशीचे ठिपके, नखांची मुळं, पोटाखालचे केस या जागा चोरीच्या छापेत आधी बुजतात.

तांबटआळी

यात एक भर. बारी १८७५च्या जूनमध्ये गेला. पुढच्या वर्षी त्याच्या कामाचा लिलाव झाला आणि बरेच नमुने बार्बदिएन या बड्या ओतशाळेने घेतले. त्यांनी नंतर कितीतरी वर्षं प्रती काढल्या, त्यांवर बार्बदिएनचं नाव असतं. त्या खोट्या नव्हेत, पण बारीच्या हाताखालून गेलेल्याही नव्हेत. तेव्हा सहीबरोबर आणखी कुणाचं नाव आहे का बघा.

सहीवरून एक आख्यायिका आठवली. शेवटच्या आजारपणात बायको त्याच्या मूर्ती पुसत होती. म्हणाली, बरे झालात की सही जरा ठळक करत जा, वाचता येत नाही. तो म्हणाला, काळजी करू नकोस, वीस वर्षांनी लोक भिंग घेऊन शोधतील. खरीखोटी देव जाणे.

जुनाबाजार

ओरखडा काढला. पांढरट राखाडी. वडिलांना सांगितलेलं नाही.

खारीचावाटा

😄 सांगूही नका.

अवांतर : जार्दां दे प्लांत म्हणजे ते जिराफवालं ना? इजिप्तच्या पाशाने फ्रान्सच्या राजाला जिराफ भेट दिला, १८२७ला तो मार्सेयहून पॅरिसपर्यंत सुमारे ९०० किलोमीटर पायी चालत नेला, पावसासाठी त्याला अंगरखा शिवला होता असं वाचलंय. बारी तेव्हा तिथे रोज जात असणार, त्याने जिराफ का नाही केला?

इतिहासाचीवही

अवांतरावर अवांतर : १८७०-७१ला जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा अन्न संपलं आणि लोकांनी प्राणिसंग्रहालयं खाल्ली. कॅस्टर आणि पोलक्स हे शहराचे लाडके हत्ती डिसेंबरअखेरीस मारून खाटकाला विकले. वाघ-सिंह मात्र वाचले, त्यांना मारायला जायचं कुणी? बारी तेव्हा पंचाहत्तरीला आलेला.

त्याच धामधुमीत त्याचं एक मोठं काम गेलं. लूव्रच्या नदीकडच्या कमानींवर त्याने बादशहा तिसऱ्या नेपोलियनचं अश्वारूढ उठावशिल्प केलं होतं, १८६८ला. त्याच वर्षी त्याला कला अकादमीत घेतलं, सत्तरी ओलांडल्यावर. दोन वर्षांत बादशहा गेला आणि उठावशिल्पही काढलं. त्याच्या स्वतःच्या स्मारकाचं नशीबही असंच. सेन नदीतल्या सँ-लुई बेटाच्या टोकाला १८९४मध्ये उभारलं, अमेरिकेतूनही वर्गणी आली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसात त्यावरचं ब्राँझ वितळवलं गेलं.

मातीचेपाय

उशिरा आले. शिल्पकला शिकवते, त्यामुळे एका गोष्टीचा उल्लेख राहिलाय तो करते. १८५४पासून मरेपर्यंत बारी त्याच जार्दां दे प्लांतच्या संग्रहालयात प्राण्यांचं चित्रण शिकवायचा. एकवीस वर्षं. त्याच्या वर्गात काही काळ एक तरुण बसायचा, ओग्युस्त रोदां. नावाजलेल्या कलाशाळेने रोदांला तीनदा नाकारलं होतं. नाकारलेल्याच्या वर्गात नाकारलेला. रोदांच्या पुतळ्यांची पाठ आणि पोटऱ्या बघा, कातडीखाली काहीतरी ताणलंय असं सतत वाटतं. ते बारीकडून आलंय असं मी मुलांना सांगते.

दुसरा विद्यार्थी त्याला न भेटलेला. चित्रकार मातिस शिल्पाकडे वळला तेव्हा, १८९९च्या सुमाराला, त्याने बारीचं ‘ससा खाणारा जग्वार’ समोर ठेवून नक्कल करायला घेतली. स्नायू समजेनात म्हणून सोललेलं मांजर मिळवून अभ्यासलं. दोन वर्षं लागली.

शंकासुर, ‘पलीकडे काय’ याचं माझं उत्तर ते जग्वारचं शिल्प आहे. १८५०ला याच जग्वारला घेऊन बारी सलोंमध्ये परतला. त्यात लढाई नाही, डरकाळी नाही. जग्वार कान मागे पाडून, डोळे अर्धे मिटून खातोय, आपलं मांजर ताटलीवर खातं तसं. ससा लोंबतोय. कुठल्या दिवाणखान्यातली मर्दुमकी आहे यात?

शंकासुर

फोटो शोधून बघितला. बराच वेळ बघितला. ते कान... ठीक आहे, एक शिल्प तुमचं.

मातीचेपाय

एक कबुली देऊन टाकते. हा धागा वाचून परवा घरच्या बोक्याला धरलं. टेप, कंपास, वही, अगदी बारीसारखं. उभा असताना खांद्यापासून कोपरापर्यंत माप घेतलं. मग तो खाली दबला, कबुतरावर टपल्यासारखा, तर खांद्याचं हाड पाठीच्या वर आलं आणि सगळे आकडे बदलले. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला गेले तर मनगटावर चार रेघा.

तेव्हा कळलं, चिठ्ठीत देलाक्रवाने सिंह मेलाय हे आधी का लिहिलं.

तांबटआळी

😄 धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आधी. आणि ते आकडे इथे टाका, बुवा मेणात करून बघतो म्हणतायत.